लावलं, ऐकलं

१

तुमच्या घरचं माणूस दुसऱ्या खोलीतून बोललं, तर खरंच तेच बोललं की नाही हे तुम्ही उठून बघायला जाता का?

नाही जात. कोणीच जात नाही. आवाज ओळखीचा असला की आपण बसल्या जागेवरून उत्तर देतो आणि हातातलं काम करत राहतो. मीही तेच केलं. म्हणून हे सांगते आहे.

माझं नाव यशोधरा. जबलपूरला नगर निगमच्या एका झोन ऑफिसात मी गार्ड आहे. पोलीस नाही, एजन्सीकडून लावलेली. आकाशी शर्ट, निळी पॅन्ट आणि थंडीत निळा स्वेटर. बारावीनंतर माझं लग्न झालं होतं. नवरा गेला तेव्हा मुलगी समृद्धी शाळेत होती. तेव्हापासून ही नोकरी. पॅन्ट घालून महाराजपूरच्या बसमध्ये चढायची पहिल्यांदा फार लाज वाटली, मग सवय झाली.

काम तसं साधं. आलेल्या माणसाला काय काम आहे विचारायचं. घराचा टॅक्स भरणाऱ्याला तळमजल्यावर आणि जन्माचा दाखला मागणाऱ्याला पहिल्या मजल्यावर पाठवायचं. नळाला पाणी नाही म्हणून भांडायला आलेल्या माणसाला आधी बाकावर बसवून ग्लासभर पाणी द्यायचं. अर्धा राग तिथेच उतरतो.

माझ्या जोडीला बेबीताई होत्या. वयाने माझ्याहून मोठ्या, गुडघ्यांनी त्याहून मोठ्या. त्यांचे मिस्टर खमरियाला फॅक्टरीत होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. माहेर भंडाऱ्याकडचं, माझ्या आईच्या गावाजवळचं. सगळ्या ऑफिसात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच. घरी समृद्धीला मराठी कळते, पण ती उत्तर हिंदीत देते. बेबीताईंच्या मुलाचं, बंटीचंही तसंच. त्यामुळे पोटभर मराठी बोलायला मला ऑफिसात यावं लागायचं.

२

ऑफिस सुटलं की इमारत बंद करायची एक पद्धत होती. आम्हीच बसवलेली.

इमारत जुनी आहे. खाली मोठा हॉल, वर दोन मजले. मेन स्विच दाराशीच, चॅनल गेटच्या आतल्या बाजूला. एकजण तिथे थांबायची. दुसरी चाब्यांचा जुडगा घेऊन सगळ्यात वर जायची आणि एकेक खोली बंद करत खाली यायची. प्रत्येक दारात उभं राहून आधी विचारायचं, ‘कोणी आहे का?’ कारण एकदा एक म्हातारे गृहस्थ बाकावर झोपी गेले होते आणि आत राहून जाणार होते. उत्तर आलं नाही की कुलूप घालायचं आणि खाली ओरडून सांगायचं, ‘लावलं!’ गेटवरच्या बाईने म्हणायचं, ‘ऐकलं!’

म्हणजे वरच्या बाईला कळायचं की खाली आपलं माणूस आहे, आणि खालच्या बाईला कळायचं की वर सगळं ठीक आहे. शेवटी वरची बाई हॉलमध्ये येऊन म्हणायची, ‘आली.’ मग मेन बंद आणि चॅनल गेटला कुलूप.

आम्ही हे मराठीत करायचो. त्या इमारतीत मराठीत हाक मारणारं तिसरं कोणी नव्हतं. मराठीत आवाज आला म्हणजे तो आपलाच, हे इतकं पक्कं होतं की आम्ही कधी वळून बघत नसू.

गुडघ्यांमुळे बेबीताई वर जात नसत. वर मी जायची. खालून त्यांचा आवाज यायचा, जरा घोगरा, शेवटी ओढलेला. ऐकलंऽ. वरच्या मजल्यावर शेवटची खोली सामानाची. मोडक्या खुर्च्या, मच्छर मारायच्या धुराच्या बिघडलेल्या मशिनी, सफाई मोहिमेचे गुंडाळलेले जुने बॅनर. आत कायम डिझेलचा वास. तिथे एकटीने उभं राहायला मला आवडत नसे, पण बेबीताईंचं ‘ऐकलंऽ’ आलं की बरं वाटायचं.

३

थंडी सुरू झाली होती. साडेपाचलाच खिडक्या काळ्या पडायच्या.

त्या संध्याकाळी मी सामानाच्या खोलीला कुलूप घातलं आणि ओरडले, ‘लावलं!’ ‘ऐकलंऽ,’ उत्तर आलं. बाकीच्या खोल्या बंद करत, प्रत्येक वेळी उत्तर ऐकत मी खाली आले. गेटवर कोणी नव्हतं.

बेबीताई अंगणातून येत होत्या. हातात धुतलेला डबा, पदराऐवजी स्वेटरच्या बाहीने तो पुसत.

मी विचारलं, कधी गेल्या होत्या? त्या म्हणाल्या, तू वर गेलीस तेव्हाच, डब्याला तेल चिकटलं होतं. मी म्हटलं, मग मला उत्तर कोण देत होतं?

“मी कुठून देऊ? नळावर होती मी. नळ सुरू असला तर मला माझाच आवाज ऐकू येत नाही.”

आम्ही दोघी हसलो. बसमध्ये बसून मी स्वतःला समजावलं. रोजचा आवाज कानात बसतो. घड्याळ बंद पडलं तरी टिकटिक ऐकू येते, तसं. हे पटण्यासारखं होतं आणि मला ते पटलंही.

फक्त एक गोष्ट डोक्यातून जात नव्हती. दोन मजले खालून आलेला आवाज जिन्यात घुमतो, उशिरा पोचतो, जरा फाटतो. त्या दिवशीचा आवाज घुमला नव्हता. समोरासमोर बोलावं तसा आला होता.

४

मी एजन्सीच्या सुपरवायझरला, योगेंद्रला, सांगावं म्हटलं. कोणी वर लपून बसत असेल, थट्टा करत असेल, तर बघायला हवं. बेबीताईंनी मला हात जोडले. योगेंद्र आधीच म्हणत होता की वयस्क बायकांच्या जागी पोरी घ्यायच्या आहेत.

“त्याला सांगशील तर म्हणेल, दोघींचे कान वाजून राहिले. तुझं ठीक आहे व, तू अजून धावून राहिली. मला काढतीन न.”

मी तो विषय सोडला.

काही दिवस नीट गेले. मग एका संध्याकाळी मी सामानाच्या खोलीच्या दारात उभी राहिले. आत अंधार होता, तिथला बल्ब केव्हाच गेला होता. मी विचारलं, ‘कोणी आहे का?’ आणि कुलपासाठी कडी ओढायला हात पुढे केला.

‘ऐकलंऽ.’

मी अजून ‘लावलं’ म्हटलंच नव्हतं.

आवाज बेबीताईंचा. घोगरा, शेवटी ओढलेला. पण तो खालून आला नव्हता. तो खोलीतून आला होता, बॅनरच्या गुंडाळ्यांच्या मागून, साधारण बसलेल्या माणसाच्या उंचीवरून.

मी कडी घातली, कुलूप घातलं. हात आपलं काम करत होते. मग जिन्यावरून जशी उतरले, तशी कधी उतरले नाही. बेबीताई खाली गेटला टेकून शेंगदाणे सोलत होत्या. म्हणाल्या, बाकीच्या खोल्या काय माझ्यासाठी ठेवल्या का? मग माझा चेहरा बघून शेंगदाणे खिशात टाकले.

मी त्यांना एवढंच सांगितलं की पुन्हा चुकीच्या वेळी आवाज आला. खोलीतून आला हे सांगितलं नाही. का नाही सांगितलं? त्यांना रोज त्याच इमारतीत बसायचं होतं. त्या घाबरतील असं वाटलं. आणि खरं सांगायचं तर, त्या हसतील याचीही भीती वाटली. तेव्हा सांगितलं असतं तर, असं आता दिवसातून किती वेळा म्हणते.

त्या दिवशी बाकीच्या खोल्या आम्ही दोघींनी मिळून बंद केल्या. त्या एकेका पायरीवर थांबत माझ्याबरोबर वरच्या मजल्यापर्यंत आल्या. काहीच झालं नाही.

५

खूण बदलायची कल्पना माझी.

दुपारी हॉलमध्ये जिन्याखालच्या बाकावर डबे उघडून बसलो होतो, तेव्हा मी म्हटलं, नुसतं ‘आली’ म्हणायचं नाही. कोणी थट्टा करत असेल तर त्याला माहीत नसेल असं काहीतरी शेवटी म्हणायचं. काय म्हणायचं यावर बेबीताईंनी बराच विचार केला. मग म्हणाल्या, रात्री घरी काय भाजी करणार ते सांगायचं. रोज वेगळी, आणि ज्याची त्यालाच माहीत.

मला ते फार आवडलं. त्या दिवसापासून मी हॉलमध्ये आले की म्हणायची, “आली. आज मेथी.” बेबीताई म्हणायच्या, लाव मग, नाहीतर मेथी कडू होईल. एकदा मी म्हटलं, आज कढी, तर त्या म्हणाल्या, कढी ही काय भाजी आहे का, तू दुसरीच कोणी दिसतेस, जा परत वर. आम्ही गेट लावताना हसत असायचो. बाहेर रात्रीचा चौकीदार टिकाराम शेगडी पेटवत बसलेला असे, तो विचारायचा, “क्या हो गया, दीदी?”

‘लावलं’ला ‘ऐकलंऽ’ येतच होतं, वेळेवर, खालून, घुमत. मला वाटलं, संपलं. जे होतं ते माझ्या मनात होतं आणि भाजीने ते गेलं.

पण ही खूण आम्ही ठरवली कुठे? त्याच हॉलमध्ये. बोललो कुठे? त्याच जिन्याखाली. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

६

तो दिवस जनसुनवाईचा, लोकांच्या तक्रारी ऐकायचा होता, म्हणजे मंगळवार. लोकांची रीघ होती. संध्याकाळपर्यंत माझं डोकं फुटायला आलं, अंगात कणकण होती. वर जायची वेळ झाली आणि माझे पाय जिन्याशी थांबले. का ते सांगता येत नाही. वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवल्यासारखं वाटलं, एवढंच.

बेबीताईंनी माझ्या कपाळाला हात लावला.

“ताप आहे तुला. दे चाब्या, मी जाते.”

मी नको म्हटलं. गुडघे दुखतील म्हटलं. त्या म्हणाल्या, गुडघे खाली बसूनही दुखतातच, आणि एक दिवस मी वर गेली तर निगम बंद पडणार नाही. त्यांनी माझ्या हातातून जुडगा घेतला. मी सोडला. ओढून धरला नाही.

त्या एकेक पायरी चढत गेल्या. एका हाताने कठडा, दुसऱ्या हातात वाजणाऱ्या चाब्या. वळणावर थांबून वाकून म्हणाल्या, “बसून राय. उभी नको राहू.”

मी मेन स्विचखालच्या स्टुलावर बसले. वरून ‘कोणी आहे का?’ ऐकू आलं. मग ‘लावलं!’ मी म्हटलं, ‘ऐकलं!’ तेवढ्यात समृद्धीचा फोन आला. औषध घेतलं का, बस मिळेल का, की घ्यायला येऊ, असं ती विचारत होती. मी तिच्याशी बोलत होते आणि मधे मधे ‘ऐकलं’ म्हणत होते. ‘लावलं’ एकदा पहिल्या मजल्यावरून आलं. मग तळमजल्यावरून आलं. मग अगदी माझ्या पाठीमागे, हॉलमध्ये.

“आली. आज वांगं.”

दुपारी डबा खाताना त्यांनी सांगितलं होतं, बंटीने अधारतालच्या बाजारातून छोटी वांगी आणली आहेत, भरून करणार. मी फोनवर बोलत होते. मी मान हलवली, ‘बरं’ म्हटलं. मेन खाली ओढला, बाहेर आले, चॅनल गेट ओढलं, कुलूप दाबलं. त्या माझ्या मागोमाग बाहेर आल्या असं मी धरून चालले. फोन ठेवला आणि चला म्हणायला वळले.

पायरीवर मी एकटीच होते. अंगणात टिकाराम पाठमोरा बसून शेगडीत कोळसा घालत होता.

आणि आतून, सगळ्यात वरच्या मजल्यावरून, दोन मजले घुमत, फाटत, बेबीताईंचा आवाज आला.

“यशोधरा, लाईट काहून बंद केली व?”

७

मी तोंड उघडलं. पण माझ्या आधी उत्तर गेलं.

“ऐकलं, बेबीताई. इकडून या. मी आहे.”

तो माझा आवाज होता. तापाने जरा बसलेला, तसाच. वरून, त्यांच्या जवळून आलेला.

गेटची चावी वेगळी, माझ्याच खिशात होती, तरी कुलूप उघडायला मला किती वेळ लागला माहीत नाही. मेन वर केला. जुन्या ट्यूबलाइट एकदम लागत नाहीत. आधी लुकलुकतात, मग विझतात, पुन्हा लुकलुकतात. मी त्या उजेडात पहिल्या वळणापर्यंत धावले. तिथून मधल्या पोकळीतून अगदी वरपर्यंतचा जिना दिसतो.

बेबीताई चढत होत्या. वरच्या खोल्या बंद करून त्यांना उतरायला हवं होतं. पण त्या सामानाच्या खोलीकडे जाणाऱ्या शेवटच्या दोन पायऱ्या चढत होत्या, माझ्याकडे पाठ करून, सावकाश. एक हात कठड्यावर होता. दुसरा पुढे केलेला होता आणि कोणीतरी तो धरला होता, म्हाताऱ्या माणसाला आधार देतात तसा, अगदी सांभाळून. भिंतीच्या आडून फक्त तो हात दिसत होता. निळ्या स्वेटरची बाही. कोपरावर मी गेल्या थंडीत हिरव्या लोकरीने रफू केलं होतं, ते रफू.

मी खाली माझ्या कोपराकडे बघितलं. रफू तिथेही होतं.

त्या क्षणी हाक मारायची होती. एवढंच करायचं होतं. पण मला वाटलं, हाक मारली तर त्यांना माझाच आवाज दोन बाजूंनी येईल. त्या कोणता खरा मानतील? हात धरलेला मानतील. आणि दुसरंही वाटलं, ते आज लपवत नाही. वाटलं की हाक मारली तर ती बाही ज्याची आहे ते वळून बघेल, आणि मला ते बघायचं नव्हतं.

ट्यूब विझली. पुन्हा लागली तेव्हा पायऱ्यांवर कोणी नव्हतं. कडी ओढल्याचा आवाज आला, मग कुलपाचा. मग बेबीताईंचा, थकलेला, नेहमीसारखा.

“लावलं.”

मी उत्तर दिलं नाही.

८

टिकाराम काठी आणि बॅटरी घेऊन माझ्याबरोबर वर आला. सगळ्या दारांना बाहेरून कुलपं होती. सामानाच्या खोलीलाही होतं. योगेंद्र दुसऱ्या चाब्या घेऊन आला, त्याने एकेक दार उघडलं. सामानाच्या खोलीत खुर्च्या, मशिनी, बॅनर. डिझेलचा वास. बेबीताई कुठेच नव्हत्या. चाब्यांचा जुडगाही नव्हता. त्यांचा डबा मात्र खाली स्टुलाजवळ पिशवीत होता.

योगेंद्र म्हणाला, निघून गेल्या असतील, घरी बघा. पोलिसांनीही आधी तेच म्हटलं. मेनपासून वेगळ्या लाइनवर असलेला गेटवरचा कॅमेरा बघितला. त्यात मी फोन कानाला लावून बसलेली दिसते, मागे मान वळवल्यासारखी करते, हलवते, काहीतरी बोलते आणि बाहेर जाऊन गेट लावते. माझ्या मागे कोणी नाही. आत गेलेल्या बेबीताई बाहेर आलेल्या दिसत नाहीत. पोलीस मला म्हणाले, “मैडम, आप किससे बात कर रही थीं?” मी म्हटलं, “बेबीताई से.”

बंटी रात्री सगळे दवाखाने, मदन महलचं स्टेशन, नातेवाईक, सगळीकडे फिरून आला. त्याची बायको एकता मला फोनवर एकच विचारत होती, शेवटचं काय बोलल्या? मला ‘आज वांगं’ म्हणवेना. मी सांगितलं, बसून राय म्हणाल्या. तेवढं तर खरं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या आधीच बंटी आला. मी चॅनल गेट उघडलं. तो हॉलमध्ये उभा राहिला आणि वर तोंड करून त्याने ‘आई’ अशी हाक मारली. वरून उत्तर आलं, “आली रे.” तो जिन्याकडे धावला, तेव्हा मी त्याचा दंड दोन्ही हातांनी धरला आणि ऑफिस माणसांनी भरेपर्यंत सोडला नाही.